शिकागोत खून होतात, पण नेमक्या कुठल्या शिकागोत?

माझ्या भाचीला शिकागोतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. पेढे वाटून झाले, व्हिसाच्या मुलाखतीची तारीखही आली, आणि एका रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "अरे, तिथे २०२४ या एका वर्षात ५७३ खून झालेत म्हणे. पोरीला पाठवू की नको?"

"उद्या सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. सांगायला प्रत्यक्षात महिना लागला. अमेरिकेतल्या शहरांत एवढे खून का होतात, मधली कित्येक वर्षं ते कमी का झाले आणि पुन्हा का वाढले, या प्रश्नावर तिथल्या अभ्यासकांनी उभी आयुष्यं घातली आहेत. त्यांचं म्हणणं वाचत गेलो तसतसं वाटू लागलं, की हे ताईलाच काय, सगळ्यांनाच सांगायला हवं. आपल्याकडेही गुन्ह्यांचे आकडे वाचून आपण शहरांना आणि माणसांना फार पटकन शिक्के मारतो.

आधी हिशेब नीट करू. ५७३ हा आकडा खरा आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ३७७ खून झाले. पण शिकागोची वस्ती २७ लाख आणि न्यूयॉर्कची ८५ लाखांच्या आसपास. म्हणून तुलना करताना दर लाख लोकांमागे किती खून झाले ते मोजतात. शिकागोत ते साधारण २१ येतात, न्यूयॉर्कमध्ये साडेचारच्या आसपास. आपल्या देशात २०२२ साली २८,५२२ खुनांची नोंद झाली, म्हणजे लाखामागे साधारण दोन.

या भागाकारात वर खून असतात आणि खाली लोकसंख्या. गोंधळ बहुतेक वेळा खालच्या आकड्यात असतो. सेंट लुईस या शहराचं नाव 'अमेरिकेतलं सर्वांत खुनी शहर' म्हणून वर्षानुवर्षं घेतलं जातं. २०२० साली तिथला दर लाखामागे ८७ च्या घरात गेला होता. पण या शहराने १८७६ साली आजूबाजूच्या काउंटीपासून, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकापासून, फारकत घेतली, आणि तेव्हा आखलेली हद्द आजही तीच आहे. १९५० मध्ये या हद्दीत साडेआठ लाख लोक राहत होते. आता तीन लाखांहूनही कमी. ज्यांना शक्य होतं ते हद्दीबाहेरच्या उपनगरांत गेले, मागे राहिले ते बहुतेक गरीब. सगळं महानगर एकत्र धरलं तर वस्ती २८ लाखांच्या आसपास जाते आणि तोच दर कितीतरी खाली येतो. मुंबईतलं उदाहरण घ्यायचं तर उद्या कोणी फक्त फोर्टला 'शहर' म्हटलं, तिथे रोज कामाला येणारे लाखो लोक सोडून दिले आणि गुन्ह्यांना फक्त रात्री राहणाऱ्यांच्या संख्येने भागलं, तर फोर्टही भयंकर दिसेल.

हद्दीचा हा दोष लक्षात घेऊनही शिकागोचा दर न्यूयॉर्कच्या चार-पाच पट उरतोच. ती काही आकड्यांची करामत नाही. तिथे खरोखर माणसं मरतात, आणि त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय पुरुष असतात, त्यातही मोठा वाटा तरुणांचा.

शितावरून भाताची परीक्षा करायची आपली रीत आहे. शहराच्या सरासरीला ती लागू पडत नाही, कारण हा भात एका पातेल्यात शिजलेलाच नाही. शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन तळ्याकाठच्या वस्त्यांत खुनाचा दर इतका कमी आहे की तिथल्या माणसाला हे सगळं दुसऱ्या देशातलं वाटावं. पश्चिमेला वेस्ट गारफिल्ड पार्ककडचा ६०६२४ हा पिनकोड घ्या. २०२० आणि २०२१ सालची नोंद तपासून अभ्यासकांनी दाखवलं, की तिथल्या १८ ते २९ वयाच्या तरुणाला बंदुकीच्या गोळीने मरण येण्याचा धोका अफगाणिस्तानात लढायला पाठवलेल्या अमेरिकी सैनिकाच्या तिप्पट होता. हे वाक्य मी दोनदा वाचलं. युद्धावर गेलेला सैनिक घरच्या गल्लीत राहणाऱ्या पोरापेक्षा सुरक्षित!

त्या गल्लीतही सगळ्यांना सारखा धोका नाही. अँड्र्यू पापाक्रिस्टोस या समाजशास्त्रज्ञाने शिकागो पोलिसांच्या अटकेच्या नोंदींवरून कोण कोणाबरोबर पकडलं गेलं याचं जाळं मांडलं. गोळी लागून वाचलेल्यांपैकी ७० टक्के माणसं ज्या जाळ्यांत सापडली, त्या जाळ्यांत शहराच्या लोकसंख्येचे सहा टक्केही लोक नव्हते. बॉस्टनमध्ये नव्वदच्या दशकात असंच निघालं होतं. तिथे तरुणांपैकी एक टक्का टोळ्यांत होते, आणि तरुणांच्या खुनांपैकी साठ टक्के त्यांच्याशी जोडलेले होते. हिंसा साथीच्या रोगासारखी पसरते, पण हवेतून नाही, ओळखीतून. तुमचा मित्र गोळीला बळी पडला असेल तर तुमचा धोका वाढतो.

मग याचं कारण काय? पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं: गरिबी. ते चुकीचं नाही. १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या. 'इथे कर्ज देणं धोक्याचं' असा त्याचा अर्थ. घर घ्यायला कर्ज नाही, दुरुस्तीला नाही, आणि पुढच्या पिढीला द्यायला मालमत्ताही नाही. त्यानंतर कारखाने गेले. शिकागोच्या दक्षिणेला तळ्याकाठी यूएस स्टीलचा अवाढव्य पोलाद कारखाना होता, तो १९९२ मध्ये कायमचा बंद झाला. गिरण्यांचे भोंगे थांबल्यावर गिरणगावातल्या घरांत काय झालं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना यापुढचं वेगळं सांगायला नको.

पण एकट्या गरिबीने सगळं उलगडत नाही. शिकागोत २०१५ मध्ये ४८५ च्या आसपास खून झाले, २०१६ मध्ये साडेसातशेहून जास्त. एका वर्षात ५८ टक्के वाढ! गरिबी काही एका वर्षात दीडपट होत नाही. शिवाय शहराच्या दक्षिणेला साउथ शोअर आणि ग्रेटर ग्रँड क्रॉसिंग या दोन वस्त्या एकमेकींना खेटून आहेत. दोन्हीकडे गरिबी जवळपास सारखी, लोकही त्याच समाजाचे, कायदा तोच, पोलीसही तेच. तरी गोळीबाराचं प्रमाण एकीकडे दुसरीच्या जवळपास दुप्पट. म्हणजे जमीन गरिबीने नांगरून ठेवली असली, तरी पीक कुठे आणि कधी येतं ते आणखी कशाने तरी ठरतं.

त्यातली सर्वांत उघड गोष्ट म्हणजे बंदूक. न्यूयॉर्क आणि लंडन यांची तुलना फ्रँकलिन झिमरिंग आणि गॉर्डन हॉकिन्स या अभ्यासकांनी १९९७ मध्ये मांडली होती. चोऱ्या आणि घरफोड्या लंडनमध्ये न्यूयॉर्कपेक्षा कमी नव्हत्या, उलट जास्त होत्या. खून मात्र न्यूयॉर्कमध्ये कित्येक पटींनी जास्त. लंडनची माणसं काही जास्त सालस नव्हती. त्यांच्या खिशात पिस्तूल नव्हतं एवढंच. याच झिमरिंगने १९६८ मध्ये शिकागो पोलिसांच्या नोंदी तपासून दाखवलं होतं, की हल्ला चाकूने झाला त्यापेक्षा बंदुकीने झाला तर माणूस मरण्याची शक्यता पाचपट असते. भांडणं आणि कारणं तीच, हातातली वस्तू वेगळी. आज अमेरिकेत चारांपैकी तीनहून जास्त खून बंदुकीने होतात.

मारेकरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुपारी, कट, पाळत असं काहीतरी येतं. शिकागोतले बरेचसे खून असे नसतात. कोणीतरी कोणाला काही बोललं, समाजमाध्यमावर कोणाची टिंगल झाली, मैत्रिणीवरून बाचाबाची झाली, उधारीचे थोडे पैसे राहिले. हीच भांडणं आपल्या चाळींतही होतात. तिथे तोंडं सुजतात, शर्ट फाटतात, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी वडीलधारा मध्ये पडतो. बंदूक असली की दुसरा दिवस उजाडतच नाही.

बंदुका तर अमेरिकेत कायमच होत्या. मग खून ऐंशीच्या दशकाअखेर एवढे वाढले का, आणि नव्वदच्या दशकात एवढे घटले का? न्यूयॉर्कचा आकडा पाहिला की डोळे विस्फारतात. १९९० मध्ये २,२४५ खून, २०१७ मध्ये २९२. मधल्या काळात शहराची वस्ती दहा लाखांहून अधिक वाढली.

वाढीची गोष्ट बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला 'क्रॅक' नावाचा कोकेनचा स्वस्त, ओढायचा प्रकार आला. तो थोडा थोडा, पुन्हा पुन्हा विकत घ्यायचा माल. त्यामुळे नाक्यानाक्यावर विक्रेते लागले. मोठे पकडले गेले की त्यांच्या जागी पंधरा-सोळा वर्षांची पोरं आली. या धंद्यात मालाची चोरी झाली तर पोलिसात जाता येत नाही, गिऱ्हाईक पळवलं तर कोर्ट नाही. नाका कोणाचा हे पिस्तूलच ठरवणार. आल्फ्रेड ब्लमस्टीन या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकाने पुढची पायरी दाखवली. धंद्यातल्या पोरांकडे पिस्तुलं आली, म्हणून धंद्यात नसलेल्या पोरांनीही भीतीपोटी ती बाळगायला सुरुवात केली. मग वर्गातलं भांडणही गोळीवर जाऊ लागलं.

घसरणीचं श्रेय मात्र अनेकांना हवं आहे. सर्वांत गाजलेला दावा न्यूयॉर्कच्या पोलिसांचा. 'फुटकी खिडकी' हा विचार १९८२ मध्ये जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी मांडला होता: एक फुटकी काच तशीच ठेवली तर बाकीच्याही फुटतात, म्हणून किरकोळ बेशिस्तीलाही मोकळीक देऊ नका. १९९४ मध्ये महापौर रूडी जुलियानी आणि पोलीस आयुक्त विल्यम ब्रॅटन आले, त्यांनी हा विचार रस्त्यावर उतरवला. सोबत 'कॉम्पस्टॅट' नावाची पद्धत आणली. दर आठवड्याला नकाशावर गुन्हे मांडायचे आणि त्या भागाच्या अधिकाऱ्याला जाब विचारायचा.

यातला नकाशाचा भाग मला पटतो. झिमरिंग यांनीही पुढे न्यूयॉर्कचा अभ्यास करून दाखवलं, की शहरात अमली पदार्थ घेणारे फारसे कमी झाले नव्हते, पण त्या धंद्यातून होणारे खून नव्वद टक्क्यांहून जास्त घटले. व्यसन शहरातच राहिलं, पण उघड्या नाक्यावरचा बाजार मोडला. विक्री दाराआड गेली आणि नाक्यासाठी मारामारी करायचं कारणच उरलं नाही. एवढं श्रेय पोलिसांना द्यायला हवं. त्याच काळात अमेरिकेत इतरत्र तुरुंग भरत होते, न्यूयॉर्कमधून तुरुंगात जाणारे मात्र कमी होत गेले, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

बाकीचा दावा डळमळीत आहे. खून ब्रॅटन येण्याआधीच घटू लागले होते, आणि असा कडक बंदोबस्त नसलेल्या शहरांतही ते घटले. पुढे या विचाराचं रूपांतर रस्त्यात अडवून अंगझडती घेण्यात झालं. एकट्या २०११ मध्ये पोलिसांनी ६ लाख ८५ हजार वेळा लोकांना थांबवलं. बहुतेक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, तरुण, आणि दहापैकी जवळपास नऊ जणांना ना अटक झाली, ना समन्स द्यावं लागलं. साप म्हणून भुई धोपटण्याचा प्रकार. २०१३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. आता शहर पेटणार, असं तेव्हा अनेकजण म्हणाले. झडत्या काही वर्षांत बारा-पंधरा हजारांवर आल्या. खून २०११ मध्ये ५१५ होते, ते २०१७ पर्यंत २९२ झाले. एवढा स्वच्छ प्रयोग समाजशास्त्रात क्वचितच घडतो.

आणखीही सिद्धान्त आहेत. पेट्रोलमधल्या शिशाने लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, ते शिसं सत्तरच्या दशकापासून कमी केलं गेलं आणि ती मुलं वीस वर्षांनी तरुण झाली तेव्हा हिंसा घटली, असं एक मत. शिशाने मेंदूला इजा होते यात वाद नाही, पण खुनांवरचा त्याचा परिणाम सुरुवातीला सांगितला गेला त्यापेक्षा बराच कमी असावा, असं अलीकडची छाननी सांगते. १९७३ मध्ये गर्भपाताला मिळालेल्या कायदेशीर मान्यतेशीही ही घट जोडली गेली. त्या अभ्यासातल्या गणितात पुढे चूक सापडली आणि वाद अजून मिटलेला नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट चर्चेत कमी येते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दहापैकी नऊहून जास्त खुनांचा छडा लागल्याची नोंद व्हायची. गेल्या काही वर्षांत तो साधारण निम्म्या ते साठ टक्के खुनांचा लागतो, आणि शिकागोच्या पश्चिम व दक्षिण भागात त्याहून कमी. म्हणजे भावाला मारणारा कोण हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं, तो रोज समोरून जातो, आणि त्याला काही होत नाही. साक्ष द्यावी तर उद्या आपल्या दारावर गोळ्या. अशा वेळी अठरा वर्षांच्या मुलाला दोनच वाटा दिसतात: गप्प बसून पुढचा बळी व्हायचं, नाहीतर स्वतः वचपा काढायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं. खिशातल्या गांजाच्या पुडीसाठी पोलीस शंभरदा अडवतात, पण भावाच्या खुनाचा तपास होत नाही. अशा पोलिसांवर विश्वास कसा बसेल?

२०१६ च्या त्या ५८ टक्के वाढीमागे हाच धागा असावा, असं मला वाटतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये शिकागोत १७ वर्षांच्या लक्वान मॅकडॉनल्डला एका पोलिसाने सोळा गोळ्या घातल्या. त्याची चित्रफीत तेरा महिने दाबून ठेवली गेली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये कोर्टाच्या आदेशाने बाहेर आली. त्यानंतर पोलीस रस्त्यावर लोकांना थांबवेनासे झाले आणि लोकांचा उरलासुरला विश्वास गेला. यातलं कशाने किती बिघडलं हे वेगळं काढणं अवघड आहे. बाल्टिमोरमध्येही एप्रिल २०१५ मध्ये पोलीस कोठडीत जखमी झालेला फ्रेडी ग्रे मरण पावला, आणि त्या वर्षी खून २११ वरून साडेतीनशेच्या जवळ गेले. २०२० मध्ये, कोरोनाच्या आणि पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूच्या वर्षी, सगळ्या अमेरिकेतच खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले. कोरोना तर जगभर होता. भारतात त्या वर्षी खून जेमतेम एक टक्का वाढले. अमेरिकेत त्याच वर्षी बंदुकांची विक्रमी खरेदी झाली, शाळा आणि तरुणांचे सगळे उपक्रम बंद होते, आणि पोलीस व लोक यांच्यातलं नातं तुटलं होतं. ती घडी बसू लागली तसे आकडेही उतरले. २०२४ मध्ये देशभरात एका वर्षात सुमारे १५ टक्के घट झाली.

उपायांबद्दल वाचताना मला खरोखर धीर आला. फिलाडेल्फियात ओसाड पडलेल्या मोकळ्या जागांचा कचरा उपसून तिथे हिरवळ लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या होत्या, म्हणजे तुलना चोख. गरीब वस्त्यांत अशा जागांभोवती गोळीबार २९ टक्क्यांनी घटला. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत नुसते जास्तीचे दिवे लावले, तर रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे ३६ टक्क्यांनी कमी झाले. पॅट्रिक शार्की या समाजशास्त्रज्ञांनी २६४ शहरांची वीस वर्षांची आकडेवारी तपासली. लाख लोकांमागे वस्तीत काम करणाऱ्या दहा संस्था वाढल्या की खुनाचा दर नऊ टक्क्यांनी घटतो, असं त्यांना दिसलं.

शिकागोच्या शाळांतल्या 'बिकमिंग अ मॅन' या कार्यक्रमातला एक खेळ मला फार आवडला. मुलांच्या जोड्या लावतात. एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो मिळव. झटापट, ओढाताण, कधी मुठी. मग समुपदेशक विचारतो, नुसता मागितला का नाही? बहुतेक मुलं म्हणतात, मागितला असता तरी त्याने दिला नसता. मग चेंडू धरणाऱ्याला विचारतात, आणि तो सांगतो, दिला असता की, चेंडूच तर आहे. हे आठवड्यातून एकदा, तासाभराचं काम. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या हजारो मुलांवर हे तपासलं, तेव्हा कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. कार्यक्रम संपल्यावर परिणाम ओसरला. म्हणून तो चालू ठेवायचा, इतकं ते साधं आहे.

आता साउथ शोअर आणि ग्रँड क्रॉसिंगचं कोडं. १९९५ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांना साधे प्रश्न विचारले. शाळा बुडवून पोरं नाक्यावर उभी असली तर शेजारी काही बोलतात का? घरासमोर मारामारी झाली तर कोणी मध्ये पडतं का? जिथे 'हो' जास्त होतं, तिथे तेवढ्याच गरिबीतही हिंसा कमी होती. आपल्याकडे ज्याला ओट्यावर बसलेली माणसं म्हणतात, तीच ही. दुकानं चालू असली, रस्त्यावर वर्दळ असली, की कोणाचं तरी लक्ष असतं आणि कोणीतरी "ए, काय चाललंय?" म्हणतं.

ताईला मी सांगितलं, पाठव. विद्यापीठाजवळच खोली घेऊ दे, आणि रात्री उशिरा एकटीने कुठे जायचं नाही हे पुण्यात जसं सांगतेस तसं तिथेही सांग. तिचा जीव भांड्यात पडला. थोडं थांबून ती म्हणाली, "पण मग त्या दुसऱ्या भागातल्या आया काय करतात रे?"

तेव्हा मी तिला तमार मनासे यांच्याबद्दल सांगितलं. २०१५ मध्ये एंगलवूड भागात ७५ वा रस्ता आणि स्ट्यूअर्ट अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर एका बाईचा गोळीबारात खून झाला. मनासे बाई दुसऱ्या बायकांना घेऊन त्याच कोपऱ्यावर घडीच्या खुर्च्या टाकून बसू लागल्या. वचपा काढायला कोणी आलं तर आयांच्या डोळ्यांदेखत यावं लागेल, एवढाच विचार. सोबत शेगडी, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना खायला, लहानांना खेळ. उन्हाळाभर रोज. जुलै २०१९ मध्ये त्याच कोपऱ्यावर, या गटाबरोबर बसणाऱ्या दोन तरुण आया चालत्या गाडीतून झाडलेल्या गोळ्यांनी गेल्या.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि मग? उठल्या का तिथून?"

नाही उठल्या. खुर्च्या त्यानंतरही त्याच कोपऱ्यावर लागत राहिल्या.